दहा तारखेपर्यंत थांबणार कोण?

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि वाण्याला येत होतं. एवढ्याच कारणासाठी वयाच्या आठव्या वर्षी मी आमच्या घरची कारकून झाले.

साल 1958. नायगावच्या बीडीडी चाळीत एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात माणसं राहायचो. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून जो जिन्नस आणायचा तो शेठ आपल्या लाल वहीत गुजरातीत मांडायचे आणि घरी आल्याबरोबर तोच मी मागल्या यत्तेच्या वहीतल्या उरलेल्या पानांवर मराठीत उतरवायची. तूरडाळ, गूळ, चहापूड, रॉकेल. दहा तारखेला आई पिशवीत माझी वही घालून दुकानात जायची आणि मी तिच्या शेजारी फळीला नाक लावून उभी राहायची. शेठ एक ओळ वाचायचे, मी एक ओळ वाचायची. दोन्ही वह्यांचा मेळ बसला की आई कनवटीचे पैसे काढायची.

आता मी ठाण्याला राहते आणि सामान मागवायचं काम नातवाकडे आहे. तो फोनवर तीन ठिकाणचे भाव शेजारी शेजारी ठेवून बघतो आणि मला समजावतो, "आजी, शेवटी माणूस स्वस्त काय मिळतं तेच बघतो." मी मान डोलावते. पण माझ्या वाणसामानाच्या आठवणी 1958 पासूनच्या आहेत, आणि त्यात भाव बघून दुकान ठरवण्याची वर्षं फार थोडी निघतात. आम्ही दुकान ठरवलं ते पैसा हातात कधी येणार आणि तोवर कोण थांबणार, हे बघून.

चाळीस दिवस

गिरणीचा पगार दहा तारखेला व्हायचा. ही तारीख गिरणीमालकाच्या मर्जीची नव्हती, तिच्यामागे कायदा होता. 1936 च्या वेतन कायद्यानं सांगितलं होतं की हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथं महिना संपल्यापासून सातव्या दिवसाच्या आत पगार द्यायचा आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत. गिरण्या मोठ्या, म्हणून दहा तारीख. कामगाराच्या बाजूनं केलेला हा कायदा, कारण त्याआधी पगार याहून लांबायचे. तरी हिशेब करून बघा. एक तारखेला नव्यानं कामाला लागलेला गडी पहिला महिना राबणार आणि पुढचे दहा दिवस वाट बघणार. पहिली कमाई हातात पडेपर्यंत चाळीस दिवस. ते चाळीस दिवस तो जेवणार कुठून?

वाण्याकडून. किंवा खाणावळीतून, म्हणजे पुन्हा वाण्याकडूनच. आमच्या चाळीत तळमजल्यावर एक मावशी खाणावळ चालवायच्या. बायकामुलं गावी ठेवून आलेले वीसेक गडी त्यांच्याकडे दोन वेळा जेवायचे आणि महिन्याचे पैसे पगाराला द्यायचे. मावशी तांदूळ आणि डाळ उधारीवर उचलायच्या. गडी मावशींचे देणेकरी, मावशी शेठच्या देणेकरी आणि शेठ मस्जिद बंदरच्या दाणाबंदरातल्या घाऊक व्यापाऱ्याचे देणेकरी. अख्खी साखळी दहा तारखेकडे डोळे लावून बसलेली. पुढे 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा या साखळीची एक कडी प्रथमच सैल झाली. आमच्या मावशींनी तोवर वयामुळे चूल बंद केली होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दुसरं एक दुकान होतं. माल चांगला आणि शेरामागं दोन-चार पैशांनी स्वस्त. पण गल्ल्यामागं पाटी होती : आज रोख, उद्या उधार. ती पाटी वाचून मला हसू यायचं, कारण दुसऱ्या दिवशी गेलं तरी ती तशीच असायची. आईला हसू यायचं नाही. तिच्या लेखी ते दुकान नव्हतंच.

शीग आणि दांडी

उधारीला किंमत असते आणि ती पाटीवर लिहिलेली नसते, हे मी मापं बघून शिकले.

तेव्हा धान्य तोलण्यापेक्षा मापून देण्याची रीत अजून पुरती गेली नव्हती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. आई गावाकडची, तिला हे कोष्टक बोटांवर पाठ. मापाची खरी गंमत मात्र काठाच्या वर असते. शेर भरून वर धान्याचा निमुळता डोंगर रचला तर ते शिगेचं माप, आणि तळहात किंवा काठी फिरवून ते सपाट केलं तर बोडकं. गावी शिगेनं द्यायची चाल होती. शेठचा हात मात्र गिऱ्हाईक बघून फिरायचा. रोखीचं गिऱ्हाईक आलं की शीग राहायची. आमच्या वेळी तळहात मापाच्या काठावरून असा अलगद जायचा की जणू धूळ झटकतोय, आणि मूठभर तांदूळ पुन्हा गोणीत पडायचा. आई बघायची. मी आईकडे बघायची. ती काही बोलायची नाही.

त्याच सुमाराला सगळंच बदलत होतं. 1957 च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते, पण बाजार अजून आण्यांत बोलत होता. चार आण्यांचे पंचवीस पैसे चोख होतात, एका आण्याचे मात्र सव्वासहा. पाव पैसा कुणी पाडलाच नव्हता. मग एक आण्याच्या जिऱ्याला सहा द्यायचे की सात? शाळेत सहा शिकवलेले, दुकानात सात मांडलेले. 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानं 1958 पासून टप्प्याटप्प्यानं शेर आणि मण जाऊन किलो आणि लिटर येऊ लागले. नवी षटकोनी लोखंडी वजनं दुकानात आली, मापं मागच्या खोलीत गेली. शिगेचा प्रश्न मिटला. आता तागडीच्या दांडीचा सुरू झाला. पारडं खाली टेकायच्या आत पुडी उचलायची, हे कसब काही वजनांबरोबर बदललं नाही.

आणि तरीही त्या दुकानाची मला आजही ओढ वाटते, हे लपवत नाही. छताला टांगलेल्या रिळातून खाली लोंबणारा दोरा, वर्तमानपत्राच्या कागदाचा शेठ क्षणात वळायचे तो कोन, त्यात साखर ओतून वरची घडी आत खोचायची आणि दोऱ्याचे दोन वेढे देऊन तो झटक्यात तोडायचा. गाठ मारलेली कधी दिसायची नाही, पण पुडी सुटायची नाही. शेवटी माझ्या हातावर गुळाचा खडा. तो वहीत मांडला जायचा नाही, हे मी नंतर मुद्दाम तपासलं होतं.

एकदाच वाद झाला. 1961 असेल. माझ्या वहीत तूरडाळ एकदा होती, शेठच्या वहीत दोनदा. मी ठासून सांगितलं. दुकानात चार बायका उभ्या. शेठनी चष्मा कपाळावर घेतला, माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "बेन, पोरगी हुशार आहे. तुम्ही सांगा, कुठली वही खरी?" आई म्हणाली, "तुमची." घरी येईपर्यंत मी रडत होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर आई थांबली आणि म्हणाली, "अगं, आपली वही खरी असून काय करू? पुढच्या महिन्यात तांदूळ त्या वहीतून यायचाय."

दुसऱ्या दिवशी शेठनी आपण होऊन ती ओळ खोडली. ते वाईट नव्हते. पण ओळ खोडायची की ठेवायची हे त्यांच्या हातात होतं आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

रोखीचं दुकान

नायगावात याच दुखण्यावर औषध शोधलं गेलं होतं आणि तेही माझ्या जन्माच्या आधी. 1948 मध्ये इथल्या कामगारांनी आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी ग्राहकांची सहकारी संस्था काढली. पुढे साऱ्या मुंबईला ती अपना बाजार म्हणून माहीत झाली. नफेखोरी नाही, भेसळ नाही, वजन चोख, आणि गिऱ्हाईकच मालक.

या कल्पनेचं मूळ इंग्लंडातल्या रॉचडेल गावात आहे. तिथं 1844 मध्ये 28 जणांनी वर्गणी काढून एक दुकान उघडलं. त्यात बरेच विणकर होते, म्हणजे माझ्या वडिलांचेच धंदेबंधू. सुरुवातीला त्यांच्याकडं विकायला होतं काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. त्यांनी जे नियम घालून घेतले त्यावर जगभरची ग्राहक सहकारी भांडारं चालली. त्यातला एक नियम मला फार उशिरा कळला आणि कळल्यावर लख्ख उजेड पडला : व्यवहार रोखीचा, उधारी नाही. त्या विणकरांनी उधारीनं घरं बुडताना पाहिली होती, म्हणून त्यांनी ती दारातच अडवली.

नियम अगदी बरोबर. पण वीस तारखेला ज्याच्या हातात पैसा नाही त्यानं रोखीच्या दुकानात जायचं कसं? आमच्या घरी याचा तोडगा आईनं काढला, आणि चाळीतल्या बहुतेक बायकांनी तोच काढला होता. अकरा तारखेला, शेठचं देणं फेडून जे उरेल त्यात भांडारातून तांदूळ आणि तेल आणायचं. पंधरा-सोळा तारखेपर्यंत ते पुरायचं. तिथून पुढे शेठ. पगारानंतरचे काही दिवस आम्ही सहकारी, उरलेला महिना उधारी. कुणाला वाटेल बायका एका दुकानाशी एकनिष्ठ नव्हत्या. एकनिष्ठ राहायला सलग तीस दिवस पुरेल एवढा पैसा लागतो.

1962 मध्ये चीनशी युद्ध झालं, भाव कडाडले, आणि केंद्र सरकारनं ग्राहक भांडारांची मोठी योजना हाती घेतली. 1966 मध्ये दिल्लीला सुपर बझार उघडलं, 1968 मध्ये मुंबईत सहकारी भांडार सुरू झालं. फडताळांमधून आपण हिंडायचं आणि माल आपण उचलायचा, हा प्रकार मुंबईतल्या पुष्कळ मध्यमवर्गीयांनी पहिल्यांदा अनुभवला तो मॉलमध्ये नाही, अशा भांडारांत. आई पहिल्या दिवशी एका मोठ्या भांडारात शिरली आणि डाळीच्या पिशवीला हात लावायच्या आधी तिनं तिथल्या मुलाला विचारलं, "घेऊ का?"

रांग

तिसरं दुकान निवडायचं नव्हतंच, ते सरकारनं नेमून दिलेलं होतं. मुंबईत रेशनिंग 1943 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आलं. मधल्या काळात ते कधी सैल, कधी घट्ट झालं, पण रेशनकार्ड घरातून गेलं नाही. तिथं वाणी थांबत नव्हता, आम्ही थांबायचो. पहाटे रांगेत पिशवी ठेवायची, पिशवीवर दगड ठेवायचा आणि पाणी भरायला घरी यायचं. परत गेलं की आपला दगड ओळखायचा.

1972 च्या दुष्काळात त्या रांगेतून अमेरिकेहून आलेला मिलो मिळाला. तांबडी ज्वारीच ती, पण भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडकायची. तोवर मी सरकारी कचेरीत कारकून झाले होते, पक्की, पगारी. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर बायकांनी महागाईविरुद्ध आघाडी उभी केली आणि मुंबईचे रस्ते लाटणी आणि थाळ्यांच्या आवाजानं भरले. आई एका मोर्च्याला गेली. जन्मात पहिल्यांदा. परत आली तेव्हा लाटण्याला टोकाशी चीर गेली होती. त्याच लाटण्यानं पुढे दहा वर्षं पोळ्या झाल्या आणि प्रत्येक पोळीवर एक बारीक रेघ उमटायची.

मला त्या मोर्च्यांत एक गोष्ट दिसते. वाण्यापुढं "तुमची वही खरी" म्हणणारी बाई मंत्र्यापुढं थाळी वाजवू शकत होती. मंत्र्याकडे तिची उधारी नव्हती.

दिवाणखान्यातलं दुकान

1975 मध्ये लग्न होऊन मी ठाण्याला आले. मला पगार, नवऱ्याला पगार, दोन्ही एक तारखेला. उधारीचं दुकान आयुष्यातून गेलं आणि आता टंचाई झाली ती भरवशाची. धान्यात खडे, हळदीत रंग, तेलात काय ते देव जाणे. एका मोठ्या दुकानातून आणलेली पाच किलो साखर मी शेजारणीच्या काट्यावर तोलली तर ती साडेचार भरली.

पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली होती आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. आम्ही काही वर्षांनी आमच्या इमारतीत संघ केला. दहा-बारा कुटुंबं एकत्र यायची. महिन्याची मागणी आधी कागदावर भरून द्यायची. पंचायत घाऊक खरेदी करायची आणि ठरलेल्या दिवशी माल एका सभासदाच्या घरी येऊन पडायचा. दुकान नाही, गल्ला नाही, जाहिरात नाही. आमच्या दिवाणखान्यात सतरंजीवर पिशव्यांचे ढीग, आणि त्याच्याभोवती कंबर कसलेल्या बायका आणि सुट्टीच्या दिवशी झोपमोड झालेले नवरे. कुणाचं काय, किती, हे वाचून दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे. आठव्या वर्षापासूनचा अनुभव होता.

इथं थांबायचं काम गिऱ्हाईकानं पत्करलं. आज मागायचं, माल पुढे मिळणार. अचानक पाहुणे आले आणि रवा संपला तर पंचायत कामाची नाही. ब्रँड हवा तोच मिळेल असंही नाही. ज्या घरात महिन्याभराचा अंदाज बांधता येतो आणि ते सामान ठेवायला जागा आहे, त्याच घराला हे परवडतं. चाळीतल्या आमच्या खोलीत हे जमलं नसतं. पण ज्यांना जमलं त्यांना वजनात कोण मारतंय हा प्रश्न उरला नाही, कारण वाटणारी आपणच. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला, 1990 पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं. पाकिटबंद मालापुरता तरी गिऱ्हाईकाच्या आणि वाण्याच्या वहीतला भाव एकच झाला.

वहीपूजन

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात निवृत्तीला तीन वर्षं उरलेले माझे वडील होते. गिरणगावात संप किती टिकेल हे नेहमीच थोडंफार वाण्याच्या हातात असायचं. 1928 चा संप सहा महिने चालला, तेव्हाही गावचं धान्य आणि दुकानदाराची उधारी यांवर माणसं तगली होती. दहा तारीख येणार आहे या विश्वासावर वाणी थांबतो. दहा तारीखच नाहीशी झाली तर त्यानं किती थांबावं?

शेठ चार महिने थांबले. मे महिन्याच्या शेवटी त्यांनी आईला आत बसवून पाणी दिलं, वही मिटली आणि हात जोडले. दाणाबंदरात त्यांचंही देणं थकलं होतं. आकडा निघाला अकराशे तीस रुपये. मी दर महिन्याला पैसे पाठवत होते, त्यात घर चालत होतं. वडिलांना गिरणीनं परत घेतलं नाही. त्या संपाचा शेवट कुणी जाहीर केलाच नाही, तसा आमच्या घरीही कुणी केला नाही.

डिसेंबर 1982 पासून आईनं शेठचे पन्नास-पन्नास रुपये फेडायला घेतले. गंमत अशी की घरचं सामान ती आता माझ्या पैशानं रोखीत भांडारातून आणत होती. शेठकडून ती पै-पैशाचं काही घेत नव्हती. फक्त दर दहा तारखेला जायची, पन्नास रुपये ठेवायची, वहीवर आकडा पडलेला बघायची आणि यायची. शेवटचा हप्ता तीस रुपयांचा, ऑक्टोबर 1984 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा मी तिच्याबरोबर होते. गुजराती दुकानदार लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या पुजतात आणि जुनी येणी नव्या वहीत ओढतात. शेठ म्हणाले, "बेन, या वर्षी तुमचं खातं ओढायचं नाही." आणि पानावर तिरकी रेघ मारली. मग त्यांनी बरणीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. मी चौतीस वर्षांची होते.

लवकर पैसे देणारा

नेरूळला 1999 मध्ये राधाकिशन दमाणी यांनी अपना बाजारची एक शाखा चालवायला घेतली होती. शेअर बाजारातला मोठा गुंतवणूकदार किराण्याचा धंदा शिकायला आला तो कामगारांनी काढलेल्या भांडाराच्या नावाखाली. तिथली पद्धत त्यांना पटली नाही, आणि 2002 मध्ये त्यांनी पवईला डीमार्टचं पहिलं दुकान उघडलं.

डीमार्टचा माल स्वस्त का, याची बरीच कारणं सांगतात : पुष्कळ जागा स्वतःच्या मालकीच्या, झगमगाट कमी, ठरावीक आणि खपणारा माल. मला भावलं ते वेगळंच. ते माल पुरवणाऱ्याचे पैसे बाजारातल्या रिवाजापेक्षा लवकर चुकते करतात आणि त्याबदल्यात भाव पाडून घेतात. वाचलं तेव्हा मला शेठचा तळहात आठवला. रोखीच्या गिऱ्हाईकाला शीग मिळते! पन्नास वर्षांपूर्वी नायगावच्या फळीवर चालणारा नियम इथं घाऊक बाजारात चालत होता. जो पैशासाठी थांबायला लावत नाही त्याला माप भरून मिळतं. रॉचडेलच्या विणकरांनाही हेच कळलं होतं. फरक एवढाच की त्यांच्या दुकानात नफा गिऱ्हाईकात वाटला जायचा आणि इथं तो भागधारकांचा असतो.

घोडबंदर रोडवरच्या डीमार्टात महिन्याच्या पहिल्या रविवारी जाऊन बघा. ढकलगाड्या एकमेकींना अडकलेल्या, पैसे द्यायच्या रांगा तेलाच्या डब्यांपर्यंत आलेल्या. वीस तारखेला तिथं गर्दी निम्मी. पगाराची तारीख दहाची एक झाली, पण माणसं अजून तारखेनंच चालतात. त्या गर्दीत आमची कामवाली मला क्वचितच दिसते. तिला पैसे चार घरांतून चार तारखांना मिळतात. ती पावशेर तेल आणि दहा रुपयांची चहापूड गल्लीतल्या दुकानातून नेते. किलोमागं हिशेब केला तर तिला ते आपल्यापेक्षा महाग पडतं. मोठी पिशवी घेणाऱ्याला सूट मिळते, आणि मोठी पिशवी घ्यायला आधी मोठी नोट लागते.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री मोठ्या नोटा गेल्या, तेव्हा कार्डवाले मोठ्या दुकानांत गेले आणि गल्लीतल्या दुकानदारानं कामवालीसाठी वही उघडली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आम्हीही त्याच वहीत शिरलो. फोनवर यादी सांगायची, त्याचा मुलगा पिशवी दारात ठेवून बेल वाजवून लांब उभा राहायचा. "पैशाचं नंतर बघू, काकू." हे वाक्य मी जवळजवळ चाळीस वर्षांनी ऐकत होते आणि दार लावून घेतल्यावर मला रडू आलं, भीतीचं की कशाचं ते सांगता येणार नाही.

आता नातू दहा मिनिटांत कोथिंबीर मागवतो. गिऱ्हाईक थांबत नाही, दुकान थांबत नाही. थांबतो तो खाली उन्हात स्कूटरवर बसलेला पोरगा, पुढच्या मागणीसाठी. परवा नातवानं फोन दाखवला. सामान आता घ्या, पैसे पुढच्या महिन्यात भरा, असं त्यात येतं म्हणे.

"म्हणजे उधारी," मी म्हटलं.

"तसं नाही गं," तो म्हणाला. मग थोडा विचार करून, "म्हणजे तसंच."

मी त्याला विचारलं की ठरल्या तारखेला नाही जमलं तर? दंड लागतो, तो म्हणाला. आणि हिशेबात त्यांच्याकडून चूक झाली, डाळ दोनदा लागली, तर बोलायचं कुणाशी? तो फोनमध्ये शोधू लागला. एक पान उघडलं, त्यातून दुसरं, मग एक चौकट आली आणि तिनं नमस्कार करून पाच पर्यायांतला एक निवडायला सांगितलं. डाळ दोनदा लागल्याचा पर्याय त्यात होता, हे कबूल केलं पाहिजे. नातवानं विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं.

मला शेठचं दुकान परत नको आहे. तिथं आईला आपली खरी वही खोटी म्हणावी लागली होती. या यंत्रापुढं तसं काही म्हणावं लागत नाही, तक्रार केली म्हणून पुढच्या महिन्याचा तांदूळ अडत नाही. मात्र चार महिने पगार आला नाही तर हे यंत्र कुणाला आत बसवून पाणी देणार नाही.

नातू झोपल्यावर मी कपाटातून एक कोरी वही काढली. तारीख घातली आणि त्या दिवशी फोनवरून आलेलं सामान एकेक ओळ उतरवून ठेवलं. महिनाअखेर बघू, मेळ बसतो का.